निदान कशाचं करायचं? – मोबाइल कॉलची दुखणी आणि शिकणारं यंत्र



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्यानं मोबाइलच्या नेटवर्कवर बोलावं याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. सुरुवातीला आम्हालाही वाटलं होतं. पण विषयाच्या जवळ गेलो तसं लक्षात आलं, की इथला प्रश्न आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. परिणाम समोर दिसतो, कारण दिसत नाही. मग परिणामावरून कारणापर्यंत जायचं कसं? न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या 'शेषवत्' अनुमानाचा अर्थ भाष्यकार असाच लावतात. नदीला गढूळ पूर आलेला पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असणार असं आपण म्हणतो, ते हे अनुमान. आज मोबाइल कंपन्या हे काम यंत्राला शिकवताहेत. कॉल बिघडला, तर का बिघडला हे हजारो नोंदींवरून यंत्रानं ओळखायचं. ते कसं ओळखतं, आणि कुठे फसतं, हे आज आपण पाहू.

आधी एक घटना सांगतो. आमच्या एका जुन्या मित्राच्या पत्नीचं निधन झालं. कळल्यावर आम्ही लगेच त्याला फोन केला. चार शब्द बोललो. पलीकडून काहीच नाही. वाटलं, गहिवरून आलं असेल, बोलवत नसेल. आम्हीही गप्प राहिलो. बऱ्याच वेळानं "सावकाश बोलू, काळजी घे" असं म्हणून फोन ठेवला. पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "अरे, त्या दिवशी मी एवढं बोलत होतो, आणि तू मध्येच फोन ठेवून दिलास." आमचा आवाज त्याला नीट जात होता, त्याचा आवाज आमच्यापर्यंत आलाच नव्हता. कंपनीच्या दफ्तरी त्या कॉलची नोंद काय झाली असेल? कॉल लागला, काही मिनिटं चालला, ग्राहकानं स्वतःहून बंद केला. म्हणजे यशस्वी कॉल! ही घटना मनात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येऊ.

आता कॉल म्हणजे काय ते बघू. आपण बोलतो तेव्हा हवेत लाटा उठतात. जुन्या टेलिफोनमध्ये त्यांतला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जायचा. फोनवर 'स' आणि 'फ' यांची गल्लत व्हायची ती याच कारणानं. 'स' चा बराचसा जोर त्या पट्ट्याच्या वर असतो. अंकीय टेलिफोन आला तेव्हा या आवाजाची सेकंदाला ८००० मापं घ्यायची पद्धत पडली. आजच्या ४जी कॉलमध्ये सहसा १६००० मापं घेतात आणि ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवतात, म्हणून माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो.

पण ही सगळी मापं जशीच्या तशी पाठवत नाहीत. फोन आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा दाबून लहान करतो आणि पाकिटात घालून रवाना करतो. सेकंदाला ५० पाकिटं. तीन मिनिटं सलग बोललात तर ९००० पाकिटं. प्रत्येकावर क्रमांक आणि वेळ. क्रमांक घातलेली पोस्टकार्डं एकामागून एक पेटीत टाकावीत, तसंच समजा. पलीकडचा फोन ती क्रमानं लावतो आणि वाचून दाखवतो.

पोस्टकार्डांचं जे होतं तेच पाकिटांचं होतं. काही हरवतात. काही उशिरा येतात. काही घोळक्यानं येतात, मग बराच वेळ एकही येत नाही. या अनियमितपणाला जिटर म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ऐकणारा फोन आलेली पाकिटं क्षणभर साठवून ठेवतो आणि मग सारख्या गतीनं वाजवतो. जास्त साठवावं तर संभाषणाला उशीर होतो, कमी साठवावं तर उशिरा आलेलं पाकीट टाकून द्यावं लागतं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आवाज जायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ४०० च्या पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि उगाचच एकमेकांवर चिडतात. हरवलेल्या पाकिटाच्या जागी फोन मागच्या आवाजावरून अंदाजानं काहीतरी भरतो. एखादं गेलं तर कळत नाही, ओळीनं पाच-दहा गेली की माणूस डब्यातून बोलल्यासारखा येतो.

आता दुखण्याची लक्षणं तर समजली: आवाज तुटणं, खरखर, उशीर, एकतर्फी आवाज, कॉल मध्येच पडणं. पण कारणं? रेंज कमी असेल. रेंज पुरेशी असेल, पण शेजारच्या टॉवरचा गोंगाट जास्त असेल. मग फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि ऐकू मात्र काही येत नाही. टॉवरवर गर्दी असेल. चालत्या गाडीत एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कॉल सोपवताना हात निसटला असेल. टॉवरमागची फायबर लाइन रस्ता खणताना तुटली असेल. किंवा आपल्याच फोनचा माइक धुळीनं बुजला असेल. लक्षण एक, कारणं सहा. तापासारखंच आहे हे: ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही.

आता यंत्र शिकतं कसं? शाळेत गणितं शिकवतो तसंच. आधी सोडवलेली उदाहरणं द्यायची. एक मोठा तक्ता आहे असं समजा. प्रत्येक ओळ म्हणजे एक कॉल. रकान्यांत त्या कॉलची मापं: सिग्नलची ताकद, गोंगाट, टॉवरवरचा भार, टॉवर किती वेळा बदलले, किती पाकिटं हरवली, जिटर किती, फोन कोणता, कॉल कसा संपला. कॉलमधलं बोलणं यात कुठेही नाही हे लक्षात घ्या. ते ऐकायचा कंपनीला अधिकार नाही आणि या कामाला त्याची गरजही नाही. शेवटच्या रकान्यात अनुभवी इंजिनिअरनं तपासून कारण लिहिलेलं असतं: रेंज, गोंगाट, गर्दी, लाइन. अशा ओळी भरपूर दाखवल्या की यंत्र स्वतःच प्रश्नांचा क्रम बसवतं. सिग्नल ऋण ११० डीबीएमच्या खाली होता का? नव्हता, तर गोंगाट किती? तोही कमी, तर भार किती? (जाता जाता सांगतो, ऋण ८५ आणि ऋण ११५ यांत आकड्यांचा फरक ३० दिसतो, पण शक्तीचा फरक हजारपट असतो.) अशा प्रश्नांच्या फांद्यांना निर्णयवृक्ष म्हणतात. एक वृक्ष चुकू शकतो. म्हणून थोडी वेगळी उदाहरणं, थोडे वेगळे रकाने देऊन शेकडो वृक्ष वाढवायचे आणि त्यांचं बहुमत घ्यायचं. या पद्धतीला लिओ ब्रायमन यांनी २००१ साली 'रँडम फॉरेस्ट', म्हणजे यदृच्छेनं वाढवलेलं रान, असं नाव दिलं. आज याहून गुंतागुंतीच्या पद्धती आहेत, पण मूळ कल्पना हीच: सोडवलेल्या उदाहरणांवरून न सोडवलेलं सोडवणं.

हे काम यंत्र माणसापेक्षा पुष्कळ वेगानं करतं, यात शंका नाही. इंजिनिअर दिवसाकाठी काही डझन कॉल तपासेल, यंत्र लाखो तपासतं. कॉल पडण्याच्या आधी जिटर कसा वाढत जातो, हे पूर्वरूपही त्याला दिसतं. मग फसतं कुठे?

पहिली फसगत सोपी आहे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांच्या निकषानुसार पडणाऱ्या कॉलचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं. समजा, एखाद्या कंपनीचं प्रमाण नेमकं २ टक्के आहे. आता काहीही न शिकलेलं यंत्र 'सगळे कॉल ठणठणीत' असं म्हणत बसलं, तरी ते १०० पैकी ९८ वेळा बरोबर! म्हणून कोणी 'आमचं यंत्र ९८ टक्के अचूक आहे' असं म्हणालं तर भुलू नका. दोन गोष्टी विचारा: जे कॉल खरोखर आजारी होते त्यांतले किती यंत्रानं पकडले, आणि यंत्रानं पकडलेल्यांत खरोखर आजारी किती निघाले?

दुसरी फसगत नैयायिकांच्या चांगली परिचयाची. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती पक्की आहे. पण 'जिथे अग्नी तिथे धूर' ही नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. हे ओलं इंधन म्हणजे 'उपाधी': दोन गोष्टी एकत्र दिसतात त्या मधल्या तिसऱ्या गोष्टीमुळे, आणि ती तिसरी आपण विसरतो. यंत्राला सहचार दिसतो, उपाधी दिसेलच असं नाही. समजा, यंत्राला आढळलं की अमुक एका स्वस्त फोनवरचे कॉल फार बिघडतात. ते निदान देतं: फोन सदोष. पण तो फोन घेणारे बरेचसे ग्राहक टॉवरपासून लांब, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या-वस्त्यांत राहणारे असले तर? मग दोष रेंजचा. फोन बिचारा साथीला सापडलेला. आणि ग्राहक सेवेतून उत्तर मिळणार, "तुमचा हँडसेट बदला." ज्याला दुसरा फोन परवडत नाही त्याच्या माथी हा भुर्दंड एका चुकीच्या अनुमानानं मारला.

यावर उपाय आहे. आयुर्वेदातल्या निदानपंचकात 'उपशय' म्हणून एक पायरी सांगितली आहे: रोग कळत नसेल तर थोडं औषध किंवा पथ्य देऊन पाहायचं आणि गुण येतो का त्यावरून रोग ओळखायचा. इथेही तेच. तोच फोन चांगल्या रेंजमध्ये नेऊन पाहा. बिघाड गेला, तर फोन निर्दोष. टॉवरवरच्या अँटेनाचा कोन थोडा बदला; तक्रारी कमी झाल्या, तर गोंगाटाचं निदान बरोबर. नुसत्या तक्त्याकडे पाहून कारण ठरत नाही, काहीतरी हलवून पाहावं लागतं. चांगल्या कंपन्यांतले इंजिनिअर यंत्राचं उत्तर अंतिम मानत नाहीत, कुठे हलवून पाहायचं याची ती सूचना समजतात. हे शहाणपणाचं आहे.

आता तिसरी फसगत. आमच्या मते ती सगळ्यांत खोल आहे. शेवटच्या रकान्यात कारण लिहिण्याच्या आधी कोणीतरी ठरवलेलं असतं, की हा कॉल आजारी आहे. ते कोण ठरवतं?

एके काळी ते माणसाचा कान ठरवायचा, आणि अगदी पद्धतशीर. शांत खोलीत माणसं बसवायची, त्यांना आवाजाचे नमुने ऐकवायचे आणि १ ते ५ गुण द्यायला सांगायचे. ५ म्हणजे उत्कृष्ट, १ म्हणजे वाईट. सगळ्यांची सरासरी काढायची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं १९९६ च्या शिफारशीत ही रीत सविस्तर घालून दिली. पण प्रत्येक कॉलसाठी माणसं कुठून आणायची? म्हणून २००१ साली मूळ आवाज आणि पोचलेला आवाज यांची तुलना करून माणसानं किती गुण दिले असते याचा अंदाज बांधणारी गणिती रीत आली, २०११ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. तुमच्या-आमच्या कॉलचा मूळ आवाज मात्र कंपनीजवळ नसतो. मग नेटवर्कमधल्या मोजण्यांवरून अंदाज बांधायचा. म्हणजे बघा, कानाच्या जागी सूत्र आलं, सूत्राच्या जागी मोजणी आली. प्रत्येक पायरी समंजस आहे. पण प्रत्येक पायरीला ऐकणारा माणूस थोडा लांब गेला.

लांब गेला म्हणजे काय होतं, याचं एक उदाहरण देतो. २जी नेटवर्कमध्ये फोनला टॉवरकडून दर ०.४८ सेकंदाला नियंत्रणाचा एक संदेश येतो. फोन एक मोजणी ठेवतो. संदेश वाचता आला नाही की एक वजा, वाचता आला की दोन मिळवायचे. मोजणी शून्यावर आली की कॉल तुटला असं धरायचं. मोजणी किती आकड्यापासून सुरू करायची हे कंपनी ठरवते. ४ पासून ६४ पर्यंत. आता ६४ ठेवला तर काय होईल? गुणाकार करा. टॉवरचं काहीच वाचता येत नसतानाही जवळजवळ ३१ सेकंद कॉल 'चालू' राहणार. ३१ सेकंद कोण थांबतं? आपण पाच-सात वेळा "हॅलो, हॅलो" करतो आणि स्वतःच बंद करतो. नोंद होते: ग्राहकानं कॉल संपवला. कॉल ड्रॉप शून्य!

भारतात २०१५-१६ च्या सुमारास कॉल ड्रॉपवर मोठा वाद झाला. कॉल पडला तर ग्राहकाला १ रुपया, दिवसाला ३ कॉलपर्यंत, असा नियम ट्रायनं २०१५ साली केला. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये तो रद्द केला. त्याच काळात या मोजणीच्या आकड्याचीही चर्चा झाली. कोणी मुद्दाम केलं का, त्यात आज शिरायला नको. क्षणभर रेंज गेलेला कॉल सावरावा म्हणून थोडी सवड देणं रास्तच आहे, आणि ४जी-५जीमध्येही कॉल मेला असं केव्हा म्हणायचं यासाठी कुठलं तरी घड्याळ लावावंच लागतं. आमचा मुद्दा वेगळा आहे. अशा नोंदींवरून यंत्राला शिकवलं, तर ते काय शिकेल? तीस सेकंदांची शांतता आणि मग ग्राहकानं बंद केलेला फोन, याला निरोगी कॉल म्हणतात, असं शिकेल. प्रामाणिकपणे शिकेल, आणि लाखो कॉलना निरोगी असल्याचे दाखले देत सुटेल. यात यंत्राची चूक कुठे आहे? त्याला रोगी माणूस निरोगी म्हणून दाखवला गेला.

आता आमच्या मित्राच्या कॉलकडे परत येऊ. आम्हाला वाटलं तो गप्प आहे. आमच्या कानाला गप्प बसलेला माणूस आणि न पोचलेला आवाज यांत फरक करता आला नाही. पण नेटवर्कला तो करता आला असता! कसा? आपण बोलायचं थांबलो की फोन पाकिटं पाठवणं पूर्ण बंद करत नाही. दर १६० मिलिसेकंदांना एक छोटंसं पाकीट जातं. त्यात आजूबाजूच्या शांततेचं वर्णन असतं, आणि त्यावरून पलीकडचा फोन हलकी खुसखुस वाजवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला लाइन मेली असं वाटू नये. माणसाच्या मौनाच्याही अशा पाऊलखुणा असतात. तुटलेल्या वाटेवर मात्र काहीच नसतं. एका दिशेनं पाकिटांची रांग आणि दुसऱ्या दिशेनं शून्य, हे चित्र तक्त्यात लख्ख दिसतं. ते ओळखायला शिकवणं यंत्राला मुळीच अवघड नाही. फक्त 'असा कॉल आजारी आहे' असं कोणीतरी आधी त्याच्या तक्त्यात लिहायला हवं.

तसं लिहिण्याचे मार्ग आहेत. कॉल संपल्यावर ग्राहकानं तारे देऊन मत नोंदवावं म्हणून ट्रायनं २०१७ साली 'मायकॉल' नावाचं अॅप काढलं. कॉल बंद होताच मिनिटाच्या आत त्याच नंबरला पुन्हा लावला गेला, ही तर न सांगता केलेली तक्रारच आहे. तीही मोजता येते. मात्र इथेही सावध राहायला हवं. तारे कोण देतं? ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, वेळ आहे, आणि आपण सांगितलं तर कोणी ऐकेल असा विश्वास आहे. बटणांच्या फोनवर मुंबईतल्या मुलाशी बोलणारी, कोकणातल्या एखाद्या वाडीवरची म्हातारी तारे देणार नाही. "आज काही ऐकू आलं नाही बाई" असं म्हणून ती फोन उशाशी ठेवून देईल. तिचा कॉल तक्त्यात आलाच नाही, तर तिच्या टॉवरचा रोग यंत्राला कधीच कळणार नाही, आणि दुरुस्तीचा पैसा जिथून तक्रारी येतात तिकडेच जाईल.

तेव्हा या यंत्राविषयी कोणी तुमच्याशी बोललं, तर ते किती हुशार आहे हे नंतर विचारा. आधी हे विचारा, की बिघडलेला कॉल कोणता हे त्याला कोणी सांगितलं, कोणाचे कान विचारात घेतले, आणि कोणाचे राहून गेले. कारण ओळखण्याचं काम यंत्रावर सोपवता येतं, सोपवावंही. पण दुखणं कशाला म्हणायचं हे ज्याला दुखतं त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. वैद्यही आधी रोग्याला "काय होतंय?" असंच विचारतो, नाडी नंतर पाहतो.

आमच्यापुरतं म्हणाल, तर त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली आहे. पलीकडून आवाज आला नाही की आम्ही ती त्या माणसाची शांतता समजत नाही. फोन ठेवतो आणि पुन्हा लावतो. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला, आणि त्या दिवशी जे बोलला होता ते त्यानं पुन्हा एकदा सगळं सांगितलं.